काकणघारीच्या पिल्लाची तारीख

बोरिवली, १४ ऑक्टोबर १९८४

प्रिय ऑगस्टीन,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस तर पत्र न फोडताच टोपलीत टाकशील, म्हणून पत्ता सुलक्षणेच्या हातून लिहवून घेतला आहे. सहा वर्षांनी नवऱ्याच्या मित्राला पत्र जातंय म्हणून तिने अक्षरही जरा बरं काढलं. सुरुवातच लबाडीने झाली खरी, पण कबुलीही पहिल्याच परिच्छेदात आहे. तेवढं पदरात घे.

आता काम. आज सकाळी गोराईच्या धक्क्यावर तुझी बहीण भेटली. तू बोलणं टाकलंस तरी जोसेफीनने टाकलेलं नाही. ती म्हणाली, ऑगस्टीन मे महिन्यात बहारीन सोडून कायमचा येतोय, परसात नवीन घर बांधतोय, आणि दिवाळी झाली की शिवदास कंत्राटदार तिथली सातवीण पाडणार. घर बांध. बांधायलाच हवं. जोसेफीन एकटी किती दिवस त्या गळक्या कौलांखाली बादल्या मांडत बसणार?

पण सातविणीवर काकणघारीचं घरटं आहे. तुला आठवत असेल. आपण त्याच्याखाली पडलेली समुद्रसापांची हाडं वेचून जोसेफीनच्या दप्तरात घालायचो. ती जोडी असेल किंवा तिची नातवंडं. पण दर ऑक्टोबरात पांढऱ्या पोटाचे ते दोन मोठे पक्षी काटक्या आणून घरट्याची डागडुजी करतात. यंदाही आणतायत. मी पाहिलं. झाड फुलांनी भरलंय, खाली उभं राहिलं की वासाने डोकं धरतं.

मी तिथे दर रविवारी काय करतो, हा प्रश्न तुला पडला असेलच. दोन वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत पणजोबांची मोडी वही सापडली. काशीरामपंत मिठाच्या खात्यात कारकून होते. त्यांचे साहेब, प्रिचर्ड नावाचे, वर्षभर गोराईच्या खाडीवर पाखरं पाहत हिंडत आणि पंत मागोमाग वही घेऊन. कोणतं पाखरू कधी आलं, कधी गेलं, कोणतं झाड कधी फुललं, सगळं तिथीवार. शके १८१२, म्हणजे राणीचं राज्य होतं तेव्हाचं अख्खं वर्ष. एक गोष्ट लक्षात आली. साहेबाला पाखरू आवडलं म्हणजे ते पाखरू आठवडाभरात भुसा भरून मुंबईला गेलंच म्हणून समज. पंत त्यावर काही बोलत नाहीत. फक्त ‘आज हळद्या पक्षी, एक. साहेबांस फार आवडला’ एवढंच लिहितात.

मीही तीच वाट धरून, तीच पाखरं शोधत हिंडतो. संस्कृतच्या मास्तराला पन्नाशीनंतर दुसरं कोणतं व्यसन परवडतं?

झाड वाचव असं मी म्हणत नाही. फक्त पिल्लू उडेपर्यंत थांब. त्यानंतर झाडाबद्दल माझ्याकडून एक अक्षर येणार नाही. त्या जुन्या प्रकरणाबद्दल आत्ता काही लिहीत नाही. एका पत्रात एकच मागणं असावं.

तुझा,
मार्तंड


बोरिवली, ९ नोव्हेंबर १९८४

प्रिय ऑगस्टीन,

तुझं उत्तर पोचलं. माझ्या पत्त्यावर नाही, जोसेफीनच्या. तिने धक्क्यावरच मोठ्याने वाचून दाखवलं, त्यामुळे मासळीच्या पाट्या घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या बायकांनाही ते पोचलं. ‘पंडिताला विचार पिल्लू कुठल्या तारखेला उडतं. जोत्याचं काम २५ फेब्रुवारीला सुरू झालंच पाहिजे, नाहीतर पावसाआधी छप्पर होत नाही. त्याच्या आत उडत असेल तर थांबतो. नसेल तर शिवदासला आत्ताच पाडायला सांग.’

माझं नाव कुठेच नाही. ‘पंडित’. ठीक आहे.

तर पंडिताचं उत्तर ऐक. काशीरामपंतांच्या वहीत साहेबांनी धोंडू नावाच्या कोळ्याला याच सातविणीवर चढवलं आहे. घरट्यात दोन अंडी होती. ‘एक साहेबांच्या संग्रहाकरिता उतरविले, दुसरे ठेवून रोज पाहावे असा हुकूम जाहला.’ त्या उरलेल्या अंड्यातलं पिल्लू ‘माघ वद्य अमावास्येस, दोन प्रहरी, खाडीवर सुटले.’ यंदाची माघ अमावास्या १९ फेब्रुवारीला आहे. तुझ्या जोत्याच्या आधी पुरते सहा दिवस. शिवदासला २५ तारीख दे. पंचांगाच्या बाबतीत तरी तू माझ्यावर भरवसा ठेवू शकतोस; शाळेत तुला त्रैराशिक मीच करून द्यायचो.

पक्षीण मंगळवारपासून अंड्यांवर बसली आहे. वहीच्या मानाने सतरा दिवस उशिरा. आळशी असेल. ही मुंबईची पाखरं, सगळं शेवटच्या क्षणाला.

खाडीत स्थलांतरी पाखरं उतरायला लागली. शेकाट्यांचा थवा तिवरांच्या कडेला गुडघाभर चिखलात उभा होता. धोबी पक्षीही आले. प्रिचर्ड साहेबांनी धोबी कार्तिकात पाहिले. माझे अश्विनातच हजर. पाखरांना शिस्त राहिलेली नाही.

मार्तंड


बोरिवली, २७ डिसेंबर १९८४

प्रिय ऑगस्टीन,

नाताळच्या दिवशी तुझ्या घरी गेलो होतो. न बोलावता. जोसेफीनने दार उघडलं आणि करंज्यांची बशी पुढे केली. तुझ्या आईच्या फोटोखाली मेणबत्ती होती. मी बराच वेळ समोरच्या खुर्चीत बसलो. आई गेली तेव्हा मी आलो नाही, हे तुला ठाऊक आहे. आलो नाही याचं कारण मला धीर झाला नाही, हे बहुधा ठाऊक नाही.

ते सहा वर्षांपूर्वीचं पत्र. तू परसातलं तळं बुजवलंस आणि मी वर्तमानपत्रात लिहिलं, की पुराणातल्या अगस्ती ऋषींनी समुद्र प्राशन केला, गोराईच्या ऑगस्टीन ऋषींनी डेब्रिसच्या चार ट्रकांनी तळं प्राशन केलं. लोक हसले. स्टाफरूममध्ये मला चहा मिळाला. आईला मात्र चर्चच्या पायरीवर बायका ‘अगस्तीची आई’ म्हणायला लागल्या, आणि ती त्या वर्षभर मागच्या बाकावर बसायला लागली. हे मला जोसेफीनने परवा सांगितलं. मलेरियाची साथ होती, तळं बुजवायची नोटीस आली होती, हेही तिनेच सांगितलं. तुला विचारायला मला अर्धा तास होडीत बसावं लागलं असतं. मी त्याऐवजी अर्धा तास विनोद घासत बसलो.

सुलक्षणा म्हणते, ‘तुमच्या शब्दांना धार आहे, पण म्यान नाही.’ ती क्वचित बोलते आणि बोलली की ते दोन दिवस कानात राहतं.

तर पिल्लू. तेवीस तारखेच्या रविवारी घरट्यात पांढरं काहीतरी हललं. नर पाण्यावरून काळा-पिवळा समुद्रसाप पायांत धरून आला, पक्षिणीने तो फाडून खाली मान घातली. म्हणजे फुटलं अंडं. वहीत मार्गशीर्षाच्या पौर्णिमेच्या आधीच पिल्लू दिसतं. ती पौर्णिमा तर या महिन्याच्या आठ तारखेलाच होऊन गेली. पण पिल्लं भराभर वाढतात, काळजी नको.

जोसेफीनची तक्रार अशी, की वाळत घातलेल्या चादरींवर वरून माशांची डोकी पडतात. मी म्हटलं, पूर्वी साहेबाच्या टोपीवर पडलेली आहेत, वहीत नोंद आहे. ती म्हणाली, साहेबाची टोपी धुवायला साहेबाची बाई होती का?

मार्तंड


बोरिवली, २७ जानेवारी १९८५

प्रिय ऑगस्टीन,

हवा गार आहे. खाडीवर सकाळी धुकं असतं आणि होडीवाला घंटा वाजवत जातो. धक्क्याजवळची शेवर निष्पर्ण होऊन लाल फुलांनी पेटली आहे. तिच्यावर मैना, कोतवाल, साळुंक्या यांचं रोजचं भांडण. कुरव हजारोंनी आहेत. ओहोटीला चिखलावर निवटी मासे उड्या मारतात आणि बगळे नुसते उभे राहतात. मला ते बगळे आमच्या मुख्याध्यापकांसारखे वाटतात. काही करत नाहीत, पण सगळं त्यांच्याच देखरेखीखाली चालल्यासारखं.

तू शिवदासला पाठवलेला आराखडा जोसेफीनने दाखवला. चांगला आहे. ओटा पश्चिमेकडे ठेवलास, हे बरं केलंस. सातवीण नेमकी पुढच्या खोलीच्या मधोमध येते. मीही मोजून पाहिलं. इकडे-तिकडे सरकायला जागा नाही. एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला शेजारच्या डिकुन्यांची हद्द. माझी मनातली सूचना मनातच ठेवली, एवढं लक्षात घे.

पिल्लू आता कोंबडीएवढं. अजून कापसासारखं, पाठीवर तपकिरी पिसांची नुसती चाहूल. वहीत या तिथीला ‘पंख फाकून घरट्याचे काठावर उभे राहाते’ असं लिहिलंय. आमचं बसूनच असतं. गोराईचं आहे, उभं राहायची घाई नाही.

शिवदास परवा येऊन गेला. झाडाचा घेर दोरीने मोजला. तो सभ्य माणूस आहे. म्हणाला, ‘मास्तर, मला पाखराशी वैर नाय. पण पंचवीसला माझी माणसं येणार म्हणजे येणार. पुढे चारकोपला सेक्टरचं काम घेतलंय, तिथे एक दिवस चुकला तर दुसरा ठेकेदार आत घुसतो.’

मी म्हटलं, पंचवीसला झाड मोकळं असेल.

मार्तंड


बोरिवली, १९ फेब्रुवारी १९८५

प्रिय ऑगस्टीन,

माघ अमावास्या. पिल्लू अजून घरट्यात आहे. पण कसं दिसतं सांगू? तपकिरी, दांडगं, शाळेतल्या पी.टी. मास्तरासारखं छाती काढून. आज-उद्या उडेल. दोन-चार दिवस इकडे-तिकडे होणारच. पाखरू म्हणजे काही पोस्टाची गाडी नव्हे.

पांगारा फुलला. करंजाला पालवी. कोकिळा बोलायला लागली आहे. पंतांच्या वहीत ती फाल्गुनात बोलते. तुझ्याकडे वाळवंटात वसंत कसा कळतो? कार्यालयातल्या कॅलेंडरवरून का?

तब्येतीला जप. शाळेत परीक्षा जवळ आल्या. अधिक काही लिहिण्यासारखं नाही.

मार्तंड


बोरिवली, २४ फेब्रुवारी १९८५, रविवार सकाळ

ऑगस्टीन,

काल दुपारी तुला तार केली. ‘तारीख चुकली. चूक माझी. पिल्लू उडालेलं नाही. शिवदास सोमवार दुपारी बारापर्यंत थांबेल. शाळेत फोन कर,’ आणि शाळेचा नंबर. तारेत एवढंच मावलं. बाकीचं इथे लिहितो. हे तुला आठ-दहा दिवसांनी मिळेल, तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी लिहितो, कारण एकोणीस तारखेचं पत्र आधी तुझ्या हातात पडेल आणि ते खोटं आहे.

महाशिवरात्रीच्या रविवारी, म्हणजे सतरा तारखेला, मी जोसेफीनला ओट्यावर बसून वही वाचून दाखवत होतो. ती सोडे निवडत होती. पिल्लू उडालं त्या दिवसाच्या नोंदीत एक वाक्य आहे, जे मी दोन वर्षं वाचतोय आणि त्यात काही आहे असं मला कधी वाटलं नाही. ‘गावचे किरिस्ताव लोकांचे उपास चालू, महिना होत आला, साहेबांस कोंबडे मिळाले नाही.’

जोसेफीनचा हात थांबला. म्हणाली, ‘मास्तर, आमचा राखेचा बुधवार येत्या वीस तारखेला. त्यांचे उपास महिनाभर चालून झाले तेव्हा पिल्लू उडालं. आमचे अजून सुरूच झाले नाहीत. मग तुझं मंगळवारी कसं उडेल?’

मी हसलो. म्हटलं, तुमचा ईस्टरही मागे-पुढे होतो. ती म्हणाली, ‘होतो. पण इतका होतो का, ते तू बघ. पंडित तू आहेस.’

घरी आल्यावर शाळेच्या वाचनालयातून आणून ठेवलेली शंभर वर्षांची जंत्री उघडली. पाच मिनिटांत सापडलं. आपले चंद्राचे महिने सूर्याच्या वर्षाला अकरा दिवस कमी पडतात, म्हणून तीनेक वर्षांनी एक अधिक महिना घालून ते सरळ करतात. शके १८१२ मध्ये असा अधिक महिना पडला होता, त्यामुळे त्या वर्षीची माघ अमावास्या गेली १० मार्चला. यंदा अधिक महिना अजून यायचाय, येत्या श्रावणात. म्हणून यंदाची माघ अमावास्या आली १९ फेब्रुवारीला. पाखरू चंद्र पाहून अंडी घालत नाही, सूर्य पाहून घालतं. नाव मार्तंड आणि मला सूर्याचाच विसर पडला. आठवीतल्या पोराला मी या चुकीसाठी बाकावर उभं केलं असतं.

पण चूक एवढीच असती तर हे पत्र सोपं होतं.

पक्षीण सतरा दिवस उशिरा बसली, ते मी पाहिलं आणि तिला आळशी म्हटलं. पिल्लू उशिरा निघालं, ते पाहिलं आणि भराभर वाढेल म्हटलं. जानेवारीत ते उभं राहत नव्हतं, तेव्हाही विनोद केला. प्रत्येक रविवारी ते पिल्लू मला सांगत होतं की तुझं गणित चुकलंय. तू २५ तारखेची अट घातली होतीस. माझ्या हातात १९ ही तारीख आली, ती तुझ्या अटीत बसली, आणि मी जंत्री उघडलीच नाही. मला खरंच ठाऊक नव्हतं असं मी शपथेवर म्हणू शकत नाही. खरी तारीख सांगितली असती तर तू नोव्हेंबरातच झाड पाडलं असतंस. हे माझ्या मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्याला माहीत होतं, आणि तो कोपरा गप्प बसला.

आणि सतरा तारखेला सगळं कळल्यावरही मी सहा दिवस गप्प राहिलो. तेव्हाच तार केली असती तर तुला विचार करायला आठवडा मिळाला असता. तुला तार करणं म्हणजे ज्याच्यावर मी अख्ख्या मुंबईला हसवलं, त्याला सांगणं की पंडिताला पंचांग कळत नाही. त्यापेक्षा पिल्लाने लवकर उडावं अशी मी वाट पाहिली. माझी लाज वाचवायला दोन महिन्यांचं पिल्लू उडावं, अशी.

काल शनिवार, शाळा अर्धी. गोराईला पोचलो तर शिवदासची माणसं दोन दिवस आधीच आली होती, वरच्या फांद्या उतरवायला. खालची एक मोठी फांदी पडलेली होती. दोन्ही मोठे पक्षी ओरडत गिरट्या घालत होते, आणि पिल्लू घरट्याच्या तळाशी असं चपटं होऊन पडलेलं, की मला आधी ते मेलंच वाटलं. जोसेफीनने घरातली लाकडी खुर्ची आणून झाडाच्या बुंध्याशी ठेवली होती आणि तीवर बसली होती. मांडीत सुपात तांदूळ. ती निवडत होती.

शिवदास तिला समजावत होता, बाई, मालकाचा हुकूम आहे. ती म्हणाली, ‘अर्धी मालकीण मी आहे. तुझ्या कागदावर माझी पण सही आहे ना?’

ऑगस्टीन, तुझ्या बहिणीने तुझ्या शब्दाबाहेर जाऊन केलेली ही पहिली गोष्ट असेल. तिच्यावर रागावू नकोस. रागवायला मी आहे.

शिवदासने सोमवारी बारापर्यंतची मुदत दिली. त्यापुढे नाही.

मार्तंड


बोरिवली, २६ फेब्रुवारी १९८५

प्रिय ऑगस्टीन,

तू फोन ठेवलास त्यानंतरचं तुला माहीत नाही, म्हणून लिहितो. जोसेफीनही लिहील, पण ती माझी फजिती वगळेल. ती मी स्वतः सांगतो.

काल पावणेअकराला दशरथ शिपाई वर्गाच्या दाराशी आला आणि म्हणाला, परदेशाचा फोन. मी नववीला द्वंद्व समास अर्धा सोडून पळालो. मुख्याध्यापक खुर्चीतच बसून होते, उठले नाहीत, त्यामुळे आपलं बोलणं त्यांनीही ऐकलं. तू काय म्हणालास ते मी पुन्हा लिहून ठेवतो, कारण मला ते हरवायला नको आहे.

‘मार्त्या, पिल्लू उडतं का नाही?’

‘नाही.’

‘किती दिवस लागतील?’

‘पंधरा. कदाचित वीस. मला खात्री नाही.’

मग म्हणालास, ‘तुला खात्री नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय. थांबायला सांग त्याला.’

आणि ठेवलास. आईबद्दल काही बोलला नाहीस. मीही नाही.

शाळेतून धक्क्यापर्यंत रिक्षा, मग होडी. होडी भरल्याशिवाय सुटत नाही हे तुला माहीत आहे. माझ्यापुढे कोंबड्यांची दोन खुराडी आणि एक पंखा चढायचा होता. मी घड्याळ पाहत होतो आणि होडीवाला मला पाहत होता. वाडीत पोचलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. दोर झाडाला बांधून झाला होता. दोन माणसं वर चढायच्या तयारीत. जोसेफीन खुर्चीवर तशीच, पण आता तिच्या हातात सूप नव्हतं. जपमाळ होती.

मी म्हटलं, ऑगस्टीनचा फोन आला, थांबायला सांगितलंय.

शिवदास म्हणाला, ‘चिठ्ठी?’

चिठ्ठी कुठली? मी म्हटलं, माझा शब्द घे.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की गेल्या तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने तसं पाहिलं नव्हतं. ‘मास्तर, पंचवीस तारीख पण तुमच्याच शब्दावर घेतली होती ना?’

जिभेवर नेहमी काहीतरी तयार असतं, ते त्या वेळी नव्हतं. मी म्हटलं, हो, घेतली होती, आणि ती चूक होती.

तेव्हा जोसेफीन म्हणाली, ‘आज तो खरं बोलतोय. तोंड बघ ना त्याचं.’

शिवदासने बिडी पेटवली, अर्धी ओढली, माणसांना दोर सोडायला सांगितला. मग स्पष्ट शब्दांत बोलला, आणि तेच तुला कळवायचं आहे. त्याची माणसं १५ मार्चच्या शुक्रवारपासून हवी असतील, तर त्याला १३ मार्चच्या बुधवारपर्यंत निरोप मिळायला हवा. मग घाईघाईने का होईना, पावसाआधी छप्पर उभं राहील. नाही मिळाला, तर ती चारकोपला जाणार आणि तुझं घर दिवाळीनंतर. तू मे महिन्यात येशील तेव्हा जुन्या घरातच राहावं लागेल.

मी दर दिवशी शाळा सुटल्यावर जाईन. उडालं की त्याच दिवशी कळवीन.

मार्तंड


गोराई, १३ मार्च १९८५, बुधवार

प्रिय ऑगस्टीन,

पिल्लू उडालं.

कालच्या तारेने तुला हे कळलं आहे. पण तारेत तारीख मंगळवारची होती आणि पिल्लू सोमवारी उडालं. मी उडालं की त्याच दिवशी कळवीन म्हणालो होतो. कळवलं नाही. का, ते सांगतो.

सोमवारी जोसेफीन वसईला मावशीच्या मयताला गेली होती. वाडीत मी एकटा. चार वाजता भरती चढत होती. पिल्लू घरट्याच्या काठावर पंख फडफडवत होतं, गेले आठ दिवस फडफडवत होतं तसंच. नर समोरच्या बांधावर मासा घेऊन बसला होता आणि देत नव्हता. दहा मिनिटं गेली. मग पिल्लाचे पाय काठावरून सुटले. ते खाली येऊ लागलं, तिवरांच्या शेंड्यांपर्यंत आलं. आणि मग पंख पसरले, आणि ते पाण्यावरून गेलं. वाकडं-तिकडं, दारुड्यासारखं, पण गेलं. पलीकडच्या कांदळवनात उतरलं. नर मासा घेऊन त्याच्यामागे.

मी टिपण केलं. फाल्गुन वद्य पंचमी. प्रिचर्ड साहेबांपेक्षा एकच दिवस उशिरा, सूर्याच्या हिशेबाने.

आणि मग मी ओट्यावर बसलो आणि विचार केला, की हे फक्त मी पाहिलंय. बुधवारपर्यंत गप्प राहिलो, तर शिवदासची माणसं चारकोपला जातील आणि झाड दिवाळीपर्यंत वाचेल. ऑक्टोबरात हे पक्षी परत काटक्या आणतील. दिवाळीनंतर मी पुन्हा तुला लिहीन, पुन्हा पिल्लासाठी थांब म्हणेन. असं किती वर्षं चालेल, ते मोजतही बसलो. नुसतं दोन दिवस काही न बोलणं. मला ते चांगलं जमतं, हे तुला आता ठाऊक आहे.

सोमवारी मी तार केली नाही. घरी गेलो. सुलक्षणेने विचारलं, उडालं का? मी म्हटलं, अजून नाही. ती स्वयंपाकघरात गेली, आणि भाकरी करताना आतूनच म्हणाली, ‘बूट चिखलाने भरलेत. आज कांदळवनाच्या बाजूला कशाला गेला होतात?’

पिल्लू नीट उतरलं का, ते पाहायला गेलो होतो. तिला काही सांगितलं नाही. तिनेही परत विचारलं नाही. जेवण झालं. सकाळी मी सात वाजता तारघराच्या दाराशी उभा होतो. ते आठला उघडतं.

मग शाळेत न जाता होडीने गोराईला आलो आणि शिवदासच्या घरी जाऊन सांगितलं, पाखरू उडालं, शुक्रवारी माणसं पाठव. त्याने विचारलं, कधी उडालं? मी म्हटलं, काल. तो म्हणाला, मग काल का नाय सांगितलंत? मी म्हटलं, काल सांगायचं नव्हतं. त्याने मान हलवली. त्याला ते समजलं असावं. चहा दिला.

शिवदास म्हणतो, झाड पाडायला दोन दिवस लागतील. आधी फांद्या, मग शेंडा, मग बुंधा, म्हणजे घरावर पडणार नाही. तिसऱ्या दिवशी मुळं. जोत्याची आखणी सोमवारी. मे महिन्यात तू येशील तेव्हा पुढच्या खोलीच्या भिंती छातीएवढ्या आलेल्या असतील.

जोसेफीन मला म्हणते, ‘शुक्रवारी तू येऊ नकोस, तुला बघवणार नाही.’ दोर कुणी धरायचा, खाली चादरी वाळत नाहीत ना, हे बघायला कुणीतरी हवं. तिला एकटीला ते सगळं करायला लावू?

पहिली होडी सव्वासहाला सुटते. मी तिनेच येईन.

तुझा,
मार्तंड